लुइझियानात मुलीचा जीव रमेल का?

प्रश्न : आमच्या मुलीचे लग्न ठरले असून जावई अमेरिकेतील लुइझियाना राज्यात, लाफाएट शहरी नोकरीला आहेत. अमेरिका म्हटले की आम्हांला बर्फ आणि उंच इमारतीच आठवतात. तिथले रोजचे जीवन कसे असते? — एक वाचक, फोंडा

उत्तर : बर्फाची चिंता मनातून काढून टाकावी. दक्षिण लुइझियानाची हवा दमट असते आणि उन्हाळ्यात अंगाला घामाच्या धारा लागतात. खरी काळजी घ्यायची ती जून ते नोव्हेंबरमधील चक्रीवादळांची. २००५ च्या ऑगस्टमध्ये आलेल्या कतरिनाने न्यू ऑर्लिन्सचे बंधारे फोडून शहराचा बहुतांश भाग बुडवला होता.

जेवणाच्या बाबतीत मात्र आपल्या माणसाला तिथे परके वाटू नये. लाफाएटच्या पश्चिमेला भातशेती पसरलेली आहे, आणि आपल्या खाजनात जसे पावसाळ्यात भात आणि नंतर मासळी, तसेच तिथे भाताची कापणी झाल्यावर शेतात पुन्हा पाणी भरून क्रॉफिश वाढवतात. सुंगटांसारखा दिसणारा, पण पुढे नांग्या असलेला हा जीव वसंतात मसालेदार पाण्यात उकडून, टेबलावर वर्तमानपत्रे पसरून, सारे घर एकत्र बसून खाते. गंबो हा तिथला घराघरांतला पदार्थ. मैदा तेलात मंद आचेवर गडद तपकिरी होईपर्यंत ढवळत राहावा लागतो. हात थांबला की तो करपलाच. मग कांदा, सेलरी आणि ढोबळी मिरची परतून त्यात कोंबडी किंवा कोळंबी, कधी भेंडीही घालतात, आणि पांढऱ्या भातावर वाढतात. भेंडीचा हा वापर गुलाम म्हणून आणल्या गेलेल्या आफ्रिकी माणसांची देणगी आहे, हे विसरू नये.

लाफाएटच्या परिसरातील केजन लोकांचे पूर्वज फ्रेंच भाषक होते. इंग्रजांनी १७५५ पासून त्यांना आजच्या कॅनडातील अकेडियातून हुसकावून लावले आणि त्यांतील कित्येक कुटुंबे पुढे इथे येऊन वसली. १९२१ च्या राज्यघटनेने शाळांत केवळ इंग्रजी सक्तीची केली, आणि वर्गात फ्रेंच बोलल्याबद्दल मुलांनी शिक्षा सोसल्या. १९६८ मध्ये राज्याने फ्रेंचच्या संवर्धनासाठी स्वतंत्र परिषद नेमली खरी, पण तोवर एका पिढीने लाजेपोटी मुलांशी ती भाषा बोलणे सोडले होते. भाषेचा प्रश्न जवळून पाहिलेल्या आपल्या प्रदेशातील मुलीला शेजारच्या आजीआजोबांचे हे दुःख चटकन उमगेल, आणि त्यांच्याशी दोन फ्रेंच वाक्ये बोलायला ती शिकली तर घरोबा वाढेल.

कार्निव्हल तिला नवा नाही. खेड्यांत मात्र मुखवटे घातलेले स्वार घरोघर फिरून गंबोचे सामान मागतात आणि सोडलेल्या कोंबडीमागे चिखलातून धावतात, ते तिने अवश्य पाहावे.

जावयांशी एका गोष्टीची चर्चा आधीच करावी. लुइझियानातही, वेगळा करार केला नसल्यास, लग्नानंतरच्या कमाईवर पतिपत्नींचा समान हक्क असतो. पण गोव्याच्या सर्वसाधारण पद्धतीत लग्नापूर्वीची मालमत्ताही सामाईक होते, तशी ती तिथे होत नाही. मुलीने गाडी चालवायलाही शिकून जावे, कारण सार्वजनिक वाहतूक तुटपुंजी असल्याने गाडीवाचून तिचे पदोपदी अडेल.