हरिपाठ घरी, दिंडी रस्त्यावर

प्रश्न : मी रोज पहाटे घरी हरिपाठ म्हणते; देवळात किंवा सप्ताहाला मात्र जात नाही. सासूबाईंच्या मते हा धर्म नव्हे. त्यांचे बरोबर आहे का? – एक वाचक, सदाशिव पेठ

उत्तर : आपली उपासना अपुरी आहे, असे मला वाटत नाही, त्यासाठी कोणाची परवानगी लागत नाही. मात्र आपण एकट्याने म्हणता तो हरिपाठ आपल्यापर्यंत संप्रदायानेच आणला. तुकोबांचे पुत्र नारायणमहाराज यांनी १६८५ मध्ये पालखी सोहळा सुरू केला, आणि आजही नाना पेठेत मुक्कामाला येणाऱ्या त्या सोहळ्यात कोणती दिंडी कुठे चालणार, वीणा कोणाच्या गळ्यात, कोणते अभंग केव्हा, हे सारे ठरलेले असते. ही शिस्त परंपरा टिकवते. मानपानाचे वादही तिच्यातूनच निघतात (पुणेकरांना हे वेगळे सांगायला नको). सासूबाईंना सोबत हवी असेल, तर एखाद्या एकादशीला त्यांच्याबरोबर देवळात जावे. पहाटेचा नेम मोडण्याचे कारण नाही.