पाण्यात किरण वळतो कशामुळे?

प्रश्न : आमच्या विहिरीतली पाण्याखालची पायरी आहे त्यापेक्षा वर दिसते. पाण्यात प्रकाशाचा वेग कमी असतो म्हणून असे होते, हे वाचले. पण वेग बदलला म्हणून दिशा का बदलावी? इतर लहरीही अशाच वळतात का?

उत्तर : तुमची शंका रास्त आहे, कारण नुसता वेग बदलणे पुरेसे नसते. पाण्यावर अगदी लंब पडलेला किरणही मंदावतो, पण वळत नाही. वळण येते ते तिरपेपणामुळे, आणि पाठ्यपुस्तकातल्या आकृतीत किरणाची एकच रेघ काढलेली असल्याने नेमके हेच निसटते.

कोकणातल्या एखाद्या पुळणीवर उभे राहून पाहा. खोल समुद्रातून तिरपी निघालेली लाट फुटण्याच्या वेळी किनाऱ्याला जवळजवळ समांतर झालेली असते. उथळ पाण्यात लाटेचा वेग खोलीवर ठरतो : १० मीटर खोलीवर सेकंदाला सुमारे १० मीटर, तर अडीच मीटरवर सुमारे ५ मीटर. तिरप्या लाटेचे किनाऱ्याकडचे टोक आधी उथळात येऊन रेंगाळते, दुसरे टोक मात्र खोल पाण्यातून वेगाने पुढे येत राहते, आणि त्यामुळे लाटेची सगळी रांगच वळते. भूशिराला लाटा दोन्ही अंगांनी वळून भिडतात, त्या याचमुळे.

प्रकाशाचेही असेच होते. त्याचा वेग हवेत सेकंदाला सुमारे ३ लाख किलोमीटर, तर पाण्यात सव्वादोन लाख. पायरीकडून येणारा तिरपा किरण हवेत येताच वेग घेतो आणि स्तंभिकेपासून, म्हणजे पाण्याच्या पृष्ठभागाला लंब असलेल्या रेषेपासून, दूर वळतो. डोळा मात्र तो सरळच आला असे धरून चालतो. म्हणून १२० सेंटिमीटर खोल असलेली पायरी अगदी वरून पाहिल्यास ९० सेंटिमीटरवर भासते, आणि तिरपे पाहिल्यास त्याहूनही वर. अनोळखी विहिरीत उतरताना हे जरूर ध्यानात ठेवावे.

ध्वनीच्या बाबतीत तर दोन पदार्थांमधली ठळक सीमाही लागत नाही. हवा १ अंशाने तापली की ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ०.६ मीटरने वाढतो. हिवाळ्यातल्या निरभ्र, शांत रात्री जमिनीलगतची हवा थंड आणि वरची त्या मानाने उबदार असते. त्यामुळे ध्वनिलहरीचा वरचा भाग पुढे सरकतो, लहर हळूहळू जमिनीकडे झुकते, आणि दिवसा कधी ऐकू न येणारी लांबच्या रेल्वेची शिटी अंथरुणात पडल्या पडल्या स्पष्ट ऐकू येते.