लायसन्सवर किंवा नंबर प्लेटवर ‘माजी सैनिक’ लिहून मिळतं का?

अमेरिकेत लायसन्सवर ‘व्हेटरन’ छापून देतात, मग आपल्याकडे का नाही असं तुम्ही विचारलंय. आपल्या लायसन्सवर तसा रकानाच नाही, आणि प्लेटवर नंबराशिवाय काही लिहिलं की दंड. मी १७ वर्षं फौजेत काढून हवालदार म्हणून पेन्शनवर आलोय.

आमच्या सातारा भागात पेन्शनवर आलेल्या प्रत्येकाला गाव मेजरच म्हणतं. दोन वर्षांमागं थोरल्या भावाच्या पोरानं नव्या बुलेटच्या प्लेटवर लाल रेडियममध्ये ‘आर्मी’ लिहून घेतलं, मला न विचारता, आणि नाक्यावर अडवल्यावर पठ्ठ्या म्हणतो चुलते फौजेत होते, अन् मला फोन. मी गेलो. ट्रॅफिकच्या पोलिसानं माझं सैनिक कल्याण कार्यालयाचं ओळखपत्र नीट वाचलं, परत दिलं आणि म्हणाला, “मेजर, कार्ड तुमचं, गाडी कुणाची?” मला मान वर करवेना. दंड भरला, घरी आणून अंगणात पोराच्याच हातात ब्लेड दिलं आणि खरवडायला लावलं, चिकट राहिलेलं पेट्रोलच्या बोळ्यानं पुसलं, तरी रफाराच्या जागी ओरखडा राहिलाच.

दादा म्हणाला, एवढी वर्षं बर्फात काढलीस, घरच्यांना तेवढाही फायदा नको का? दिवाळीला आला नाही.

आता सांगा, अमेरिकेत तो शब्द कशावर मिळतो? डीडी-२१४ म्हणून डिस्चार्जचा कागद असतो, तो बघून. आपला रेडियमवाला कुठला कागद बघतो? फौजेच्या खऱ्या गाडीला नंबराआधी वर टोक केलेला बाण असतो, पुढचे दोन आकडे गाडी घेतल्याच्या सालाचे, तो नंबर संरक्षण मंत्रालयाचा. बाकी सगळं ‘आर्मी’ खोटं, माझ्या घरातलं असलं तरी.

टोलला पेन्शनरला माफी नाही. परमवीर चक्रापासून शौर्य चक्रापर्यंत शौर्यपदकवाल्यांना आहे, तीही ओळखपत्र दाखवून, स्टिकर दाखवून नाही.

हां, स्वतःच्या गाडीच्या काचेवर रेजिमेंटचं चिन्ह लावणाऱ्या माजी सैनिकांवर माझा राग नाही, त्यांनी ते कमावलंय. फक्त गाडी पोराच्या हातात देताना काढून ठेवा. आणि लायसन्सवर सरकारनं उद्या कागद तपासून तो शब्द दिला तर मी पहिल्या दिवशी आरटीओच्या रांगेत उभा असेन. दादालाही हे पाठवतोय, तो म्हणेल अजून तेच धरून बसलाय. बसलोय.