लकवा झालेल्या मावशीची पॉवर ऑफ अटर्नी मामेभावाकडून माझ्या नावावर कशी करू?

तुम्ही लिहिलंय की मामेभाऊ इंदूर सोडून गेला, मावशींचं सगळं आता तुम्हीच बघता. तर पहिले एक सांगा, मावशींना समजतं का? बोलता येतं का ते नाही विचारत, समजतं का.

समजत असेल तर बदलायचा हक्क फक्त त्यांचा, तुम्ही दोघं भाऊ आपसात ठरवून करू शकत नाही. आमची आत्या रामबागेत राहायची, लकव्याने तिची वाचा गेली आणि आम्ही तिच्याच उशाशी बसून कागद कोणाच्या नावावर करायचा ते बोलत होतो, तिला एकानेही विचारलं नाही. शेवटी वकिलांनी दोन चिठ्ठ्यांवर दोघा भावांची नावं लिहून तिच्यासमोर धरली, तर तिने डाव्या हाताने दोन्ही चिठ्ठ्या सारल्या आणि वहिनीचं मनगट धरलं. रोज अंग पुसणं, पेज भरवणं वहिनीच करायची. आम्हाला कोणालाच सुचलं नव्हतं हो.

आता कागदाचं. जुनी रद्द केल्याचा लेख करायचा, जुनी रजिस्टर्ड असेल तर हाही रजिस्टर करा, सोबत मावशी भानावर आहेत असं डॉक्टरांचं सर्टिफिकेट ठेवा. त्यांना उठवत नसेल तर १९०८ च्या रजिस्ट्रेशन अ‍ॅक्टमध्ये सब-रजिस्ट्रारने घरी यायची सोय आहे, अर्ज द्या. मग मामेभावाला आणि बँकेला लेखी कळवून पोच घ्या, हे विसरू नका, कारण त्यांना कळेपर्यंत जुनीच चालू धरतात. आम्ही बँकेला उशिरा कळवलं, तेवढ्यात जुन्या कागदावर पैसे निघाले, औषधांसाठीच होते पण घरात दोन महिने अबोला.

आणि समजत नसेल तर १८७२ च्या कॉन्ट्रॅक्ट अ‍ॅक्टप्रमाणे जुनी आपोआप संपते आणि नवी करताच येत नाही, मग हायकोर्टातून पालक नेमून घ्यावा लागतो, इंदूरला खंडपीठ आहेच. ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, मतिमंदत्व असेल तर वेगळं, १८ वर्षांनंतर आईवडिलांनाही १९९९ च्या नॅशनल ट्रस्ट अ‍ॅक्टखाली कलेक्टरच्या समितीकडे अर्ज करावा लागतो.

नुसत्या पेन्शनसाठी करत असाल तर आधी बँकेत विचारा, दोन साक्षीदारांसमोर अंगठा चालतो, त्यातला एक बँकेचा अधिकारी लागतो, आणि हाताचा उमटत नसेल तर पायाचाही घेतात.