झटके थांबले नाहीत, मुलीचा हात गेला: दावा कुठे लावायचा?

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका शेतकरी वाचकाचं पत्र आहे. मुलगी नऊ वर्षांची, वजन २२ किलो, मिरगीची गोळी चालू. रात्री झटके सुरू झाले. सरकारी मोफत रुग्णवाहिका २५ मिनिटांनी आली. गाडीतल्या डॉक्टरांना शीर सापडली नाही, म्हणून त्यांनी डायझेपाम या झटके थांबवणाऱ्या औषधाचं इंजेक्शन मांडीत दिलं. झटके चालूच राहिले आणि ४० किलोमीटरवरच्या रुग्णालयात शिरेतून औषध गेल्यावर थांबले. तीन आठवडे झाले तरी उजवा हात उचलत नाही. मेव्हणे म्हणतात पोलिसांत जा, शेजारी म्हणतात ग्राहक मंचात. काय करावं?

भाऊ, आत्ता दोन्हीकडे जाऊ नका. तुमचा दावा मिनिटांवर आणि मिलिग्रॅमवर उभा राहणार आहे, आणि त्या दोन्हींचा कागद आज तुमच्या हातात नाही.

आधी चूक नेमकी कुठे दिसते ते पाहू. झटके पाच मिनिटांत थांबले नाहीत तर ती आणीबाणी असते. अर्ध्या तासापुढे मेंदूला कायमची इजा होण्याचा धोका वाढतो. शीर मिळाली नाही हा दोष नाही, झटक्यात लहान मुलाची शीर भल्याभल्यांना मिळत नाही. पण डायझेपाम मांडीत दिलं की ते रक्तात सावकाश आणि बेभरवशानं उतरतं, म्हणून झटक्यांसाठी ते स्नायूत देऊ नये असं जागतिक आरोग्य संघटनेचं मार्गदर्शन सांगतं. मांडीत द्यायचं औषध म्हणजे मिडाझोलाम; १३ ते ४० किलो वजनाला ५ मिलिग्रॅम. ते गाडीत नव्हतं असं धरलं, तरी हातातलं डायझेपाम सुई काढून सिरिंजनं गुदद्वारातून देता आलं असतं. किलोला अर्धा मिलिग्रॅम धरला तर २२ किलोला ११, साधारण १० मिलिग्रॅम, म्हणजे २ मिलिलिटरचा एक अँपुल (औषधाची काचेची कुपी). तुमच्या दाव्यातली सगळ्यात मजबूत बाजू मला हीच वाटते.

समोरचा वकील काय म्हणेल तेही ऐका. योग्य औषध योग्य जागी देऊनही झटके थांबतातच असं नाही. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अमेरिकन चाचणीत मांडीतल्या मिडाझोलामनं सुमारे ७३ टक्के रुग्णांचे झटके रुग्णालयात पोचण्याआधी थांबले होते, बाकीच्यांचे नाही. गोळी चुकली होती का, तोंडात चमचा घातला का, हेही विचारलं जाईल. जे घडलं ते खरं सांगा. झटक्यानंतर हात लुळा पडला तर तो बहुधा दोन दिवसांत सुधारतो. तीन आठवडे राहिला म्हणजे एमआरआय आणि मेंदूविकार तज्ज्ञाचं लेखी मत लागेलच. त्यात कारण काय लिहिलंय, यावर सगळं अवलंबून आहे.

आता कागद. सिव्हिल सर्जनच्या कार्यालयात माहिती अधिकाराचे दोन वेगळे अर्ज द्या, कारण महाराष्ट्राच्या नियमांत एका अर्जात एकच विषय आणि साधारण १५० शब्द. प्रत्येकावर १० रुपयांचं कोर्ट फी तिकीट. पहिल्यात फोन आल्याची, गाडी निघाल्याची, पोचल्याची वेळ, जीपीएस नोंद आणि फोनचं रेकॉर्डिंग मागा. दुसऱ्यात त्या रात्रीचा रुग्ण-नोंद फॉर्म, औषधाचा डोस आणि दिलेली जागा, साखर व ऑक्सिजनची नोंद, गाडीतला औषधसाठा. गाडी ठेकेदाराची असली तरी सरकारला कायद्यानं मिळवता येणारी माहिती तुम्हालाही मागता येते. ३० दिवसांत उत्तर नाही आलं तर पहिलं अपील. रुग्णालयाचे केसपेपर मात्र थेट लेखी मागा, ते ७२ तासांत मिळायला हवेत. आपल्या फोनमधल्या कॉल लॉगचा फोटो आजच काढून ठेवा.

ग्राहक आयोगाचा, म्हणजे पूर्वीच्या ग्राहक मंचाचा, रस्ता कच्चा आहे: सगळ्यांना मोफत असलेली सेवा ग्राहक कायद्यात येत नाही, हा सर्वोच्च न्यायालयाचा १९९५ चा निकाल. फौजदारीत २००५ च्या जेकब मॅथ्यू निकालानं घोर निष्काळजीपणाची अट घातली आहे आणि पोलिसांना आधी दुसऱ्या डॉक्टरचं मत घ्यावं लागतं. तिथे तुमचं प्रकरण अडेल. आणि मेव्हण्यांना सांगा, डॉक्टरच्या वा चालकाच्या अंगावर जाऊ नका. डॉक्टरवरचा हल्ला २०१० च्या कायद्यानं अजामीनपात्र गुन्हा आहे.

मला योग्य वाटतो तो शासनाविरुद्ध दिवाणी दावा. औरंगाबादच्या सरकारी रुग्णालयातल्या निष्काळजीपणासाठी शासनच जबाबदार, असं सर्वोच्च न्यायालयानं १९९६ मध्ये अच्युतराव खोडवा प्रकरणात ठरवलं. दाव्याआधी दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ८० ची दोन महिन्यांची नोटीस लागते. मुलगी अज्ञान (१८ वर्षांखालची) असल्यानं तिची मुदत सज्ञान झाल्यावर सुरू होते, पण तुमच्या खर्चाचा दावा वेगळा आणि त्याची मुदत आत्ताच चालू आहे. आणि मुलगी सज्ञान होईपर्यंत नोंदीही टिकणार नाहीत. राज्य मानवी हक्क आयोगाकडे जायचं तर घटनेपासून एक वर्षाच्या आत.

वकिलाच्या फीची चिंता नको. मुलांना आणि महिलांना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. तालुका विधी सेवा समिती कोर्टातच असते. मुलीच्या आईला सोबत घेऊन जा, आणि अर्जाची पोच घेतल्याशिवाय परत येऊ नका.