लग्नाच्या जुन्या व्हीएचएस कॅसेट एडिटिंगसाठी संगणकावर कशा घ्याव्यात?

तुमचा प्रश्न असा: १९९३च्या लग्नाच्या दोन व्हीएचएस कॅसेट आहेत, व्हीसीआर चालतोय, यूएसबी कॅप्चर उपकरणही आणलंय, पण चित्र मध्येच अडकतं आणि आवाज हळूहळू मागे पडतो. मग एडिट कसं करायचं?

एडिटिंग सध्या बाजूला ठेवा. कॅसेटवरून जे नीट उतरलं नाही, ते नंतर कुठलंही सॉफ्टवेअर भरून काढत नाही. टेपही दर वेळी चालवताना झिजते. म्हणून सगळं लक्ष एकदाच, पण चांगलं उतरवून घेण्यावर द्या.

आधी कॅसेट उजेडात धरून खिडकीतून आतली रीळं बघा. टेपच्या कडेवर पांढरट भुकटी किंवा ठिपके दिसले, तर ती बुरशी. मुंबई-कोकणातल्या दमट हवेत कपाटात पडून राहिलेल्या कॅसेटना ती हमखास लागते. अशी कॅसेट व्हीसीआरमध्ये अजिबात घालू नका; बुरशी हेडला, म्हणजे टेपवरचं चित्र वाचणाऱ्या भागाला चिकटते, चित्र जातं, आणि तीच पुढच्या चांगल्या कॅसेटलाही लागते. ती टेप साफ करून देणाऱ्याकडेच द्यावी. कॅसेट स्वच्छ असेल तर एकदा शेवटापर्यंत फॉरवर्ड आणि परत रिवाइंड करा, म्हणजे वर्षानुवर्षं चिकटून बसलेले वेढे सुटतात. कॅसेटच्या मागच्या कडेची छोटी प्लॅस्टिकची पट्टी शाबूत असेल तर तीही मोडून टाका, म्हणजे चुकून रेकॉर्ड बटण दाबलं तरी वर काही छापलं जाणार नाही.

व्हीसीआरचे हेड साफ करताना प्लग काढा. ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलने ओला केलेला शॅमॉय चामड्याचा तुकडा ड्रमला (हेड बसवलेल्या गोल फिरत्या भागाला) हलकेच टेकवून स्थिर धरा आणि दुसऱ्या हाताने ड्रम वरून फिरवा. तुकडा वर-खाली कधीच घासू नका, हेडची नाजूक टोकं तुटतात. कानात घालायच्या कापसाच्या काड्याही नकोत, त्यांचे धागे अडकतात.

जोडणी अँटेनाच्या वायरने नको. पिवळी व्हिडिओची आणि पांढरी-लाल आवाजाची केबल लावा. व्हीसीआर मोनो असेल तर एकच पांढरी. मेनूमध्ये ब्लू स्क्रीन बंद करता येत असेल तर करा, नाहीतर सिग्नल जरा कमी झाला की व्हीसीआर चित्राच्या जागी निळा पडदा दाखवतो.

आता तुमच्या मूळ दुखण्याकडे. जुन्या टेपचा वेग सूक्ष्म डळमळतो, त्यामुळे चित्राची प्रत्येक ओळ नेमक्या वेळी येत नाही. टीव्ही ते सांभाळून घेतो, स्वस्त कॅप्चर उपकरण मात्र फ्रेम गाळून टाकतं. गाळलेल्या फ्रेम साठत गेल्या की आवाजाचा मेळ सुटतो. यावर खरा उपाय टाइम बेस करेक्टर, म्हणजे ओळींची वेळ पुन्हा नीट जुळवून देणारं यंत्र, पण तो महाग. त्याऐवजी व्हीसीआर आणि कॅप्चर उपकरण यांच्यामध्ये जुना डीव्हीडी रेकॉर्डर जोडून चित्र त्यातून नुसतं पार करा. पॅनासॉनिकचं डीएमआर-ईएस१० हे मॉडेल याच कामासाठी शोधून घेतलं जातं. प्रत्येक रेकॉर्डर हे करतोच असं नाही, म्हणून विकत घेण्याआधी स्वतःच्या कॅसेटवर पाच मिनिटं तपासा. शिवाय आवाज लॅपटॉपच्या माइकच्या खोबणीतून न घेता त्याच कॅप्चर उपकरणातून ४८ किलोहर्ट्‌झवर घ्या, उपकरण हबला न लावता थेट पोर्टला लावा आणि संगणकाचा स्लीप बंद ठेवा.

सॉफ्टवेअर म्हणून व्हर्च्युअलडब२ घ्या. पाल पद्धत (भारतातली जुनी टीव्ही पद्धत), ७२० बाय ५७६, सेकंदाला २५ फ्रेम, कॉम्प्रेशन हफवाययूव्ही, म्हणजे चित्राचा दर्जा न घटवणारं. तासाला साधारण ३० ते ४० जीबी लागतील. डिस्क एनटीएफएस फॉरमॅटची हवी. फॅट३२ फॉरमॅटवर ४ जीबीला फाइल तुटते. थेट एमपी४ करायचा मोह टाळा, आधीच धूसर चित्रात चौकोन उमटतात. ब्राइटनेसही आत्ताच जमवा. त्या काळच्या हॅलोजनच्या झोतात पांढरी टोपी, धोतर, फुलांच्या मुंडावळ्या एकसंध पांढऱ्या झाल्या, तर त्यातला तपशील कायमचा गेला. कॅप्चर चालू असताना ‘ड्रॉप्ड’ (गाळलेल्या फ्रेम) आणि ‘इन्सर्टेड’ (मध्ये घुसवलेल्या फ्रेम) हे आकडे बघत राहा, दोन्ही शून्याजवळ हवेत.

उतरलेलं चित्र इंटरलेस्ड असतं, म्हणजे प्रत्येक फ्रेम एकाआड एक ओळींच्या दोन अर्ध्या चित्रांची (फील्डची) बनलेली असते. मंगलाष्टकांनंतर उडणाऱ्या अक्षता फ्रेम थांबवून पाहा, कंगव्याच्या दातांसारख्या रेघा दिसतील. हायब्रिड या मोफत सॉफ्टवेअरमध्ये क्यूटीजीएमसी हा या रेघा काढणारा फिल्टर लावून सेकंदाला ५० फ्रेमचं प्रोग्रेसिव्ह, म्हणजे अखंड फ्रेमचं चित्र करा. फील्डचा क्रम बहुतेक वेळा टॉप फर्स्ट असतो; हालचाल पुढे-मागे झटके खात असेल तर उलटा करा. फाइल प्रोरेस ४२२ किंवा डीएनएक्सएचआर या एडिटिंगसाठीच्या फॉरमॅटमध्ये काढली की डाविंची रिझॉल्व्ह या एडिटिंग सॉफ्टवेअरमध्ये सुरळीत चालते.

टाइमलाइन १०८०ची ठेवली तर चित्र १४४० बाय १०८० ठेवा, दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या राहू द्या. ताणून पडदा भरला की सगळी वऱ्हाडी मंडळी जाडी दिसतात. तळाशी थरथरणाऱ्या काही ओळी दिसतील; तो बिघाड नाही, हेड बदलताना त्या उमटतातच. काळ्या पट्टीने झाका. मूळ हफवाययूव्ही फाइल दोन वेगळ्या डिस्कवर ठेवा. कॅसेटही फेकू नका.