वर्दीवरून परतल्यावर

प्रश्न : अग्निशमन दलात चौदा वर्षं काढली. तीन आठवड्यांपूर्वी एका आगीतून बाळाला बाहेर काढलं, पण ते वाचलं नाही. तेव्हापासून झोप नाही. कुठे जळकट वास आला तरी छाती धडधडते. मी कच्चा पडलो का?

नाही. इतक्या वर्षांत एकही वर्दी, म्हणजे मदतीसाठी आलेली हाक, मनात अडकली नसती, तर मला जास्त आश्चर्य वाटलं असतं. झोप उडणं, दचकणं, तेच दृश्य पुन्हा डोळ्यांसमोर येणं हे पहिल्या काही आठवड्यांत पुष्कळांना होतं आणि बहुतेकांचं आपोआप निवळतं. महिना उलटल्यावरही त्रास तसाच राहिला, तर डॉक्टर पीटीएसडीचा, म्हणजे आघातानंतर टिकून राहणाऱ्या मानसिक त्रासाचा, विचार करतात. मात्र जीव नकोसा वाटू लागला किंवा ड्युटीवर हात चालेनासे झाले, तर महिना मोजत बसू नका; आजच दाखवा.

झोपेसाठी दारू नको. डोळा लवकर लागतो, पण उत्तररात्रीची झोप तीच मोडते. मित्राकडची झोपेची गोळीही नको. पहिल्या महिन्यात डायझेपामच्या जातीची, म्हणजे गुंगी आणणारी, औषधं अशा त्रासासाठी देऊ नयेत, असं जागतिक आरोग्य संघटनेने २०१३ मध्येच सांगितलं आहे. त्रास टिकलाच तर आघातावर केंद्रित समुपदेशन किंवा ईएमडीआर (डोळ्यांच्या हालचाली करत ती आठवण हाताळण्याची पद्धत) हे उपचार आहेत. बहुधा ८ ते १२ बैठका लागतात, आयुष्यभराचं काम नाही.

प्रश्न : मी नियंत्रण कक्षात फोन घेते. घटनास्थळी कधी गेलेच नाही. तरी काही आवाज कानातून जात नाहीत. हे सांगायचीही लाज वाटते.

जे दिसत नाही ते मन स्वतःच रंगवतं, आणि सहसा जास्त भडक रंगवतं. शिवाय फोन कटला की गोष्ट तिथेच तुटते, पुढे काय झालं ते कळत नाही. कामाचा भाग म्हणून असे तपशील वारंवार कानावर पडणं हाही आघातच, हे डीएसएम-५ या मानसिक आजारांच्या निदान-पुस्तिकेने २०१३ मध्ये मान्य केलं आहे. तेव्हा लाज सोडा. अवघड कॉलचा शेवट काय झाला हे तुम्हाला कळवण्याची पद्धत पाडा, असं वरिष्ठांना सुचवून बघा. कधी शेवट वाईटच असेल, पण अर्धवट राहिलेली गोष्ट त्याहून जास्त छळते.

प्रश्न : मी स्टेशन ऑफिसर आहे. मोठ्या दुर्घटनेनंतर सगळ्यांना गोल बसवून प्रत्येकाला बोलायला लावतो. काही जण टाळतात. सक्ती करावी का?

करू नका. तुमचा हेतू चांगला आहे, म्हणून स्पष्टच लिहितो. ही पद्धत जेफ्री मिचेल यांनी १९८३ मध्ये मांडली आणि जगभर पसरली. पण अशा एका बैठकीने पुढचा पीटीएसडी टळत नाही, असं २००२ च्या कॉक्रेन आढाव्यात, म्हणजे अनेक अभ्यास एकत्र तपासणाऱ्या आढाव्यात, दिसलं. एका अभ्यासात तर बैठक झालेल्यांचा त्रास वर्षभरानंतर अधिकच निघाला. हे अभ्यास मुख्यतः अपघातग्रस्तांवरचे होते, तरी सक्ती टाळायला एवढं पुरे. ज्याला गप्प राहायचंय त्याला त्या रात्री गप्प राहू द्यावं.

मग करायचं काय? आधी पाणी, खाणं, कोरडे कपडे, घरी एक फोन. ज्याचे हात थरथरताहेत त्याच्या हाती गाडी देऊ नका. कामातल्या चुका-दुरुस्तीची चर्चा करा, पण ती वेगळी आणि नंतर. आठवड्याने एकदा आणि महिन्याने पुन्हा प्रत्येकाला बाजूला घेऊन "झोप कशी आहे?" एवढंच विचारा. ऐकायचं कसं आणि पुढे कुठे पाठवायचं, हे शिकवलेले एक-दोन सहकारी प्रत्येक शिफ्टमध्ये हवेत. आणि मदत घेतली म्हणून कुणाची बढती अडली, तर बाकी सगळं कागदावर राहील. पुढचा माणूस तोंड उघडणार नाही.

प्रश्न : माझे मिस्टर रुग्णवाहिकेवर आहेत. घरी आले की बोलत नाहीत, विचारलं की चिडतात.

"आज काय झालं?" हा प्रश्न त्यांना पुन्हा तिथेच नेऊन उभा करतो. त्याऐवजी "थोडा वेळ एकटं बसायचंय, की मी जवळ बसू?" असं विचारून बघा. अंघोळ, कपडे बदलणं, अर्धा तास शांतता, एवढी सवड दिली की काही जण आपणहून बोलू लागतात. मात्र "मी नसतो तर बरं" असं काही तोंडून निघालं, तर थेट विचारा, "जीव द्यायचा विचार येतो का?" विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. उत्तर "हो" आलं, तर त्यांना एकटं सोडू नका आणि त्याच दिवशी डॉक्टरकडे न्या.